चारशे साठ ग्रॅम : मायच्या सिलिकॉन पॅडचा दीड वर्षाचा अनुभव

आधी वस्तू सांगतो. उजव्या बाजूचा सिलिकॉनचा कृत्रिम स्तन. दुकानात त्याला ‘प्रोस्थेसिस’ म्हणतात, बिलावर ‘ब्रेस्ट फॉर्म’ लिहून आलं आणि आमच्या घरी त्याचं नाव बेंडूक. किंमत ४,२०० रुपये. सोबत आतून खिसा असलेल्या दोन बॉड्या (ब्रा), ६५० रुपयाला एक. नोव्हेंबर २०२३ मध्ये नागपूरला धंतोलीतल्या एका सर्जिकल दुकानातून घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. दुकानात तीन कंपन्यांचे डबे होते आणि डबा सोडला तर मला तिन्हींत फरक दिसला नाही.

वापरणारी माझी माय, वय ५८, राहणार हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यात. लिहिणारा मी, तिचा मुलगा. जिनिंगमध्ये काट्यावर बसतो. सीझनला दिवसभर कापसाच्या गाड्या मोजतो, त्यामुळे डबा घरी आल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर शेजारच्या किराण्यातून काटा मागून आणला आणि ते त्यावर ठेवलं. ४६० ग्रॅम. माय म्हणाली, “धडा करून घेतला का नीट?” बायको हसून हसून खाली बसली. ऑपरेशननंतर या विषयावर आमच्या घरात कोणी हसलं असेल तर ते तेव्हा पहिल्यांदा.

मायला २०२१ च्या पावसाळ्यात निंदताना गाठ हाताला लागली. तिनं ती पोळ्यापर्यंत कोणाला सांगितली नाही. आमच्या भागातले लोक एक तर सेवाग्रामला जातात, नाही तर नागपूरला तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला किंवा जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलला. आम्हीही या तिन्हींपैकी एका ठिकाणी गेलो. उजवा स्तन पूर्ण काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. मग आठ केमो, मग शेक (रेडिएशन). ऑपरेशन, केमो, शेक महात्मा फुले योजनेत बसलं, नाही तर वावर गेलंच असतं. आता आजार परत येऊ नये म्हणून रोज लेट्रोझोलची एक गोळी आणि ठरलेल्या तारखांना तपासणी. हे एवढंच सांगतो, कारण हा अभिप्राय त्याच्या नंतरच्या दिवसांचा आहे. उपचार चालू असताना माणूस भ्यायलाही मोकळा नसतो. भीती नंतर येते, डॉक्टर म्हणतात की “आता सहा महिन्यांनी या” तेव्हा.

ऑपरेशननंतर दोन वर्षं माय आपल्या हातानं शिवलेली गठुली वापरायची. जुन्या सुती लुगड्याचा गोल कपडा, आत मी जिनिंगमधून आणलेली रुई. कापूस पिकवणाऱ्या घरात आणखी काय भरणार! गठुली मऊ होती, घाम शोषायची, टोचत नव्हती, फुकट होती. तिच्यात दोष एकच, तिला वजन नव्हतं. वजन नसलेली वस्तू जागेवर राहत नाही. काम करता करता ती वर सरकायची. एकदा माझ्या मामेभावाच्या लग्नात, मांडवात, पंगतीत वाढताना गठुली गळ्यापाशी आली. मायनं पदर ओढून घेतला, हातातलं टोपलं खाली ठेवलं आणि मांडवाच्या मागे गेली. त्यानंतर ती कोणाच्या लग्नाला गेली नाही. बारशाला नाही, सप्त्याला नाही. विचारलं की म्हणायची, “ढोरं कोन पाहीन?” आमच्याकडे तेव्हा एक शेळी होती.

तर हे सगळं बायकोनं मला सांगितलं, मला स्वतःला काही दिसलं नव्हतं. तिनंच मोबाइलवर असा पॅड मिळतो हे शोधून काढलं. मी म्हटलं, मी आणतो. इथे माझी पहिली चूक. एकटा गेलो. एसटीनं जाम, बुटीबोरी करत गणेशपेठ, तिथून ऑटोनं धंतोली. दुकानात चार माणसं गुडघ्याचे पट्टे पाहत उभी. मी काउंटरपाशी जाऊन हळू आवाजात सांगितलं तर आतून पोऱ्यानं विचारलं, “साइज काय? लेफ्ट का राइट?” सगळं दुकान माझ्याकडे पाहायला लागलं. मला मायची साइज कुठून माहीत असणार? अंदाजानं सांगितलं. आणि घाबरून, तुम्हाला हसू येईल, समोर उभ्या माणसाची उजवी बाजू आपल्याला डावीकडे दिसते तसं मनात धरून ‘लेफ्ट’ म्हटलं. घरी आल्यावर कळलं की याला डावा-उजवा आकार असतो, काखेकडे निमुळता होत जाणारा. (दोन्ही बाजूंना चालणारे बदामाच्या आकाराचेही असतात, ते मला नंतर समजलं.) दुकानदारानं बदलून दिलं, पण डबा उघडला म्हणून चारशे रुपये कापले. वरच्या ४,२०० मध्ये ते धरलेले नाहीत.

म्हणून पहिली सूचना : घालणारीला सोबत न्या. दुसऱ्यांदा माय आणि बायको दोघी आल्या. बायांचं तिकीट मार्च २०२३ पासून अर्धंच आहे, त्यामुळे मायला तेवढा एक खर्च पटला. तेव्हा दुकानात एक ताई होत्या. त्यांनी आत पडद्यामागे नेलं, छातीचं माप घेतलं, दुसऱ्या बाजूच्या मापाचं काढून दिलं, बॉडी घालून दाखवली, हात वर करा, वाका, चाला, असं सगळं करून घेतलं. अर्धा तास गेला. मी बाहेर बाकावर बसून व्हीलचेअरच्या किमती वाचत होतो. तुमच्या दुकानात अशी ताई नसेल तर दुसरं दुकान शोधा. पाचशे रुपये जास्त गेले तरी चालतील. ताईंनी आणखी एक गोष्ट सांगितली ती मला धंद्यामुळे लगेच पटली. एका बाजूचं वजन गेलं की शरीर नकळत एकीकडे झुकतं, खांदा वर चढतो. काट्याचं एक पारडं रिकामं ठेवलं तर दांडी कुठे जाईल? हे वजन दांडी सरळ ठेवायला आहे.

किंमत ऐकून मायनं हिशोब केला. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,०२० रुपये क्विंटल होता. “म्हंजे साठ किलो कापूस मी छातीवर घेऊन फिरू का?” ताई म्हणाल्या, फिरा. माय गप्प झाली.

आता वस्तू कशी आहे ते. दिसायला उत्तम. कपड्याखाली कोणाला कळत नाही, वाकलं तरी कळत नाही, पंगतीत वाढताना जागचं हलत नाही. या एका गोष्टीसाठी मी पूर्ण गुण देतो. फेब्रुवारीत माय माझ्या चुलत बहिणीच्या लग्नाला गेली आणि दोन दिवस राहून आली. स्पर्श मऊ आहे, पण थंड. डिसेंबरच्या एका गार सकाळी तिनं हातात घेतलं आणि म्हणाली, “हे तं बेंडकावानी लागते वं!” नाव तिथूनच पडलं. थंडीत ती आता रात्री डबा वाकळीत ठेवते, म्हणजे सकाळी गार लागत नाही. डबा आकाराचाच असतो, त्यातच ठेवायचं, नाही तर कड मुडपते. रोज साध्या साबणानं आणि पाण्यानं धुवायचं, टिपून कोरडं करायचं. पिन, सुई, मांजराची नखं यांपासून जपायचं. आमच्या घरी मांजर आहे आणि चार वर्षांची मुलगीही आहे. एका दुपारी मुलीनं बेंडूक बाहुलीच्या डोक्याखाली उशी म्हणून ठेवलेलं सापडलं, मांजर शेजारी. तेव्हापासून डबा कोठीच्या वरच्या फळीवर.

उन्हाळ्याचं मात्र स्पष्ट सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, वीज जाते, कूलर बंद पडतो. त्या दिवसांत सिलिकॉन अंगाला चिकटतं. मागे घाम साचतो, घामोळ्या येतात. ज्या कातडीला शेक दिलेला आहे ती आधीच नाजूक. जे कोणी डब्यावर ‘दिवसभर आराम’ असं छापतात त्यांनी एकदा आमच्या पत्र्याखाली दुपारचे दोन वाजवून पाहावेत.

आणि बॉडी. मायनं जन्मात बॉडी घातली नव्हती, आधी चोळी आणि मग ब्लाउज. छातीभोवती घट्ट पट्टा आणि खांद्यावर ओढ ही तिला शिक्षा वाटायची. पण खिशाशिवाय पॅड राहणार कुठे? ती सहन करत राहिली, आम्हाला बोलली नाही. आता मी जे सांगणार आहे ते इथूनच सुरू झालं.

घेतल्यानंतर तिसऱ्या महिन्यात मायचा उजवा खांदा आणि पाठ दुखायला लागली. तिनं सांगितलं नाही. बायकोच्या लक्षात आलं की सासूबाई केस विंचरायला मुलीला बोलावतात. मग तिला दुसरं काहीतरी दिसलं. रात्री दिवा मालवल्यावर माय ब्लाउजमध्ये हात घालून टाक्यांच्या जागेवर दाबत बसायची. बराच वेळ. रोज. एके ठिकाणी कातडी लाल झाली होती, दाबून दाबून. आणि ती लाल झाली म्हणून आणखी दाबायची.

माझ्या मावशीला हाच आजार होता. चार वर्षं बरी होती, मग पाठ दुखायला लागली, गावातल्या डॉक्टरांनी सहा महिने मलम आणि गोळ्या दिल्या, आणि शेवटी कळलं तेव्हा मणक्यात उतरलेलं होतं. शेवटचे दोन महिने माय तिच्याजवळ होती. त्यामुळे मायसाठी पाठदुखी ही पाठदुखी नसते.

मी काय केलं? जे सगळे करतात ते. म्हटलं, “काही होत नाही, तू उगाच विचार करू नको.” माय माझ्यावर अशी चिडली जशी मी शाळा बुडवायचो तेव्हा चिडायची. “तू म्हनतं विचार नोको करू. मी का त्याले बोलावते? थो आपला येते. दळता दळता येते, भाकर थापता थापता येते. तुले पाठ दुखली तं तू बाम लावतं अन् झोपतं. मले पाठ दुखली तं मावशी दिसते.” त्यानंतर मी ते वाक्य परत वापरलं नाही. दुसऱ्या टोकाला गेलो. रात्रभर मोबाइलवर वाचलं, पहाटेपर्यंत मला खात्रीच झाली, आणि सकाळी पेट स्कॅनसाठी (सगळ्या अंगाचा स्कॅन) पैशाची जुळवाजुळव सुरू केली. मायनं विचारलं पैसे कशाला. मी सांगितलं. तिचा चेहरा पाहून मला कळलं की माझी भीती मी तिच्या टोपल्यात टाकली.

डॉक्टरांकडे गेलो, तारीख नसताना. ओपीडीच्या रांगेत पाच तास. डॉक्टर बाई तरुण होत्या. मी आधीच सुरू झालो, पेट करा, मार्करची रक्ततपासणी करा. त्यांनी मला बाहेर बसवलं नाही, पण गप्प बसवलं, आणि मायला विचारलं, कुठे दुखतं, केव्हा दुखतं, झोपल्यावर कमी होतं की नाही, रात्री जाग येते का. मग पडदा ओढून बायकोसमोर तपासलं. टाक्यांची जागा, दोन्ही काखा, गळ्याच्या हाडाच्या वरची जागा, दुसरा स्तन, पोट, मणक्यावर ठोकून ठोकून. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “बॉडी कोणी घेऊन दिली? पट्टा किती रुतला आहे पाहिलं का?” खांद्यावर बोट जाईल इतकी खाच पडली होती. पट्टा लांबच केलेला नव्हता. दुकानातल्या ताईंनी बसवून दिला तसाच तीन महिने. त्या दिवशी दुकानात मायच्या अंगावर नुसता सुती ब्लाउज होता, वावरात त्यावर शर्ट येतो, मग पट्टा सैल करावा लागतो, हे कोणी सांगितलं नाही. ४६० ग्रॅम एका अरुंद पट्ट्यावर, त्यात ऑपरेशनच्या बाजूचा कमजोर खांदा, त्यात बाई वेचणीला वाकलेली.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती गोळीची. लेट्रोझोलनं सांधे दुखतात, सकाळी बोटं आखडतात, हाडं विरळ होतात. म्हणून सोबत कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व असतं आणि मधून मधून हाडांच्या घनतेची तपासणी करतात. माय ती बोटं आखडणंही ‘तेच’ समजत होती आणि आम्हाला सांगत नव्हती. गोळी मात्र एक दिवस चुकवली नाही. ज्या गोळीनं आजार परत येऊ नये त्याच गोळीनं आजार परत आल्याचा भास व्हावा, याला काय म्हणावं!

स्कॅनचं मी परत विचारलंच. डॉक्टर बाईंनी मला जे सांगितलं ते इथे लिहितो, कारण आमच्यासारखी खूप माणसं या स्कॅनसाठी दागिने मोडतात. त्रास नसताना दर वेळी पेट, सीटी, मार्कर करून आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. उलट काहीतरी बारीकसं दिसतं, त्यासाठी आणखी तपासण्या, आणखी जाग्या रात्री. नियम असा की पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांच्या हाताची तपासणी, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा, आणि उरलेल्या बाजूची मॅमोग्राफी दर वर्षी. पण त्रास असेल तर गोष्ट वेगळी. एकाच जागी टिकून राहणारं, आराम करूनही न जाणारं, वाढत जाणारं हाडाचं दुखणं, न जाणारा खोकला, दम लागणं, डोकं दुखत राहणं, कारण नसताना वजन उतरणं, टाक्यांवर किंवा काखेत गाठ, पुरळ. असं काही झालं तर तारखेची वाट पाहायची नाही. मायचं दुखणं झोपल्यावर कमी होत होतं आणि मान वळवली की वाढत होतं. म्हणाल्या, बेंडूक (हा शब्द त्यांनी माय वापरते म्हणून उचलला) दोन आठवडे डब्यात ठेवा. दुखणं उतरलं नाही तर मी स्वतः हाडांचा स्कॅन लिहून देते.

दोन आठवडे. उपचारातले सात-आठ महिने मला आता नीट आठवत नाहीत, पण ते चौदा दिवस आठवतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज दहापैकी किती दुखतं ते लिहा. मायला दहापैकी कळेना. ती म्हणाली, “आन्यात सांगतो.” सोळा आण्यांपैकी. मी काट्याच्या जुन्या पावत्यांच्या मागे रोज संध्याकाळी मायची आणेवारी लिहायला लागलो. बारा आणे. बारा आणे. दहा आणे. परत बारा, त्या दिवशी तिनं विहिरीतून पाणी ओढलं होतं. दहा. आठ. आठ. त्या आठवर ती तीन दिवस अडकली आणि आमच्या घरात कोणी रेडिओ लावला नाही. मी काट्यावर दोन गाड्यांच्या नोंदी उलटसुलट केल्या, शेठनं ऐकवलं. सहा. सहा. तेराव्या दिवशी ती चुलीपुढे बसून म्हणाली, “चार आन्यावर आली आनेवारी. आता दुष्काळ जाहीर करा.”

चार आणे आजही आहेतच. ते गोळीचे, असं डॉक्टर म्हणतात.

दाबून पाहण्याबद्दलही त्यांनी सांगितलं होतं. रोज दाबलं की रोज काहीतरी लागतं, टाक्यांखाली नैसर्गिक खडबडीतपणा असतोच. महिन्यातून एक दिवस ठरवा, त्या दिवशी नीट पाहा, बाकी दिवस हात लावू नका. मायनं संकष्टी ठरवली. ती चतुर्थी करतेच, त्यामुळे तारीख विसरण्याचा प्रश्न नाही. सकाळी आंघोळीनंतर दार लावून बायको पाहते, टाके, काखा, गळ्याचं हाड, दुसरी बाजू, आणि बाहेर येऊन मला फक्त मान हलवून सांगते. माय म्हणते, चंद्र निघायच्या आधी काय ते कळून जाते, मग मोदक गोड लागतो. मधल्या दिवसांत हात जातो का? जातो. बायकोनं एकदा पाहिलं आणि विचारलं, “आत्याबाई, आज चतुर्थी आहे का?” मायनं हात काढून घेतला. हे नेहमी जमतं असं नाही. मावशीच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यात अजिबात जमत नाही, आणि त्या आठवड्यात आम्ही टोकतही नाही.

आता परत वस्तूकडे. त्या दोन आठवड्यांनंतर माय बेंडूक घालायला तयार नव्हती आणि रुईच्या गठुलीवर तिचा विश्वास उडालेला. मधला मार्ग तिनंच काढला, आणि खरं सांगतो, तो ४,२०० च्या वस्तूपेक्षा रोजच्या कामाला सरस आहे. लुगड्याच्या कपड्याची छोटी पिशवी, तीत जवस. जवसाचा दाणा चपटा, गुळगुळीत, हाताखाली सरकतो, आकार घेतो. आधी तिनं तूर भरून पाहिली, ती गोटेगोटे लागली. ज्वारी बरी, पण खसखस आवाज करते. जवस गप्प बसते. पिशवीभोवती रुई, वर दुसरी खोळ. काट्यावर २९० ग्रॅम. गावातल्या शिवणवाल्या बाईनं चार ब्लाउजांना आतून सुती खिसा लावून दिला, एका ब्लाउजाचे चाळीस रुपये. बॉडीचा पट्टा नाही, खाच नाही. घाम आला तर खोळ धुवायची. दाण्याची पिशवी मात्र धुवायची नाही, दर हंगामाला दाणा बदलायचा. दोष म्हणाल तर उंदराला जवस आवडते. एक पिशवी त्यानं फोडली. डॉक्टर बाईंना पुढच्या तारखेला दाखवली, त्यांनी हातात घेऊन वरखाली करून पाहिली आणि म्हणाल्या, चालेल. शेजारच्या टेबलावरच्या सिस्टरनं कृती लिहून घेतली.

म्हणजे आता वाटणी अशी आहे. घरी आणि वावरात जवस. लग्न, बाजार, बँक, प्रवास इथे बेंडूक, पण चार तासांच्या वर नाही आणि पट्टा रुंद असलेल्या बॉडीतच. ती नवी बॉडी ७८० ला पडली. रुंद पट्ट्याची आधीच घ्या, अरुंद पट्ट्याच्या आमच्या दोन पडून आहेत. एप्रिल ते जून बेंडूक पूर्ण सुट्टीवर. झोपताना काहीच नाही.

गुण द्यायचे तर दिसण्याला पाचपैकी पाच, उन्हाळ्याला एक, किमतीला तीन. दुकानातल्या माहितीला दोन, कारण पट्ट्याबद्दल एक वाक्य बोलले असते तर आमचे चौदा दिवस वाचले असते. कोणी घ्यावं? जी बाई चारचौघांत जायचं टाळते तिनं जरूर घ्यावं. जिला फक्त घरात वावरायचं आहे तिनं आधी जवस भरून पाहावी. सुईवर विणलेले सुती पॅडही काही स्वयंसेवक बाया फुकट पाठवतात असं डॉक्टर बाईंनी सांगितलं, पण आमचं जवसावर भागलं. आणि मुलग्यांनो, दुकानात जाताना लाजू नका, पण डावं-उजवं कागदावर लिहून न्या.

पुढची तारीख जुलैत आहे. पेरण्या आटोपल्या की. तारखेच्या आठ-दहा दिवस आधी मायची आवराआवर सुरू होते, हे आता आम्हाला ठाऊक झालं आहे. सगळ्या गोधड्या धुते. कोणाचे वीस-पन्नास रुपये देणं असेल तर देऊन येते. बियाण्याची तूर कोणत्या कोठीत, पासबुक कोणत्या पेटीत, हे बायकोला परत परत दाखवते. पहिल्या वेळी बायको रडली होती. आता ती मागे मागे फिरते आणि “हो, पाहिलं, हो, माहीत आहे” म्हणते.

या वेळी पाऊस लवकर आला म्हणून की काय, आवराआवरही लवकर सुरू झाली. काल संध्याकाळी कोठीच्या फळीवरून डबा काढला, बेंडूक धुतलं, टिपलं, परत आत बसवलं आणि बायकोला म्हणाली, “अन् हे पाह्य, मी गेली तं हे फेकू नोका. चार हजाराचं आहे. कोन्या गरजवंताले देऊन द्या.”

बायकोनं डबा उलटा करून मागचा कागद वाचला. “दोन वर्षांची वॉरंटी आहे, आत्याबाई. नोव्हेंबरात संपते. त्याच्या आधी कुठं चालल्या?”

मायनं डबा तिच्या हातातून घेतला आणि परत फळीवर ठेवला.